सिंथेटिक बायोलॉजीच्या प्रयोगशाळेत पदे भरण्याआधी : नागपुरातील संस्थाप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातील विद्यापीठे, महाविद्यालये व संशोधन संस्थांचे प्रमुख,
संशोधन व विकास कक्षांचे संचालक आणि वित्त अधिकारी

विषय : सिंथेटिक बायोलॉजीच्या प्रयोगशाळांतील संशोधन पदे, त्यांच्या जाहिराती आणि निधीची आखणी

महोदय, महोदया,

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी जैवतंत्रज्ञानावर आधारित उत्पादनाला चालना देणाऱ्या बायोई३ धोरणाला मंजुरी दिली आणि पुढच्याच महिन्यात ९,१९७ कोटी रुपयांच्या बायो-राइड या जैवतंत्रज्ञान संशोधनाच्या योजनेलाही. तेव्हापासून सिंथेटिक बायोलॉजी, म्हणजे जीवाणूंसारख्या जीवांत हवे ते काम करणारा डीएनए रचून घालण्याचे शास्त्र, हे नाव प्रस्तावांच्या शीर्षकांत वरचेवर दिसू लागले आहे. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पर्यावरण संशोधनाची नीरी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था, अभियांत्रिकीची व्हीएनआयटी, एम्स, पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आणि १९२३ पासूनचे विद्यापीठ, एवढे सगळे एका शहरात क्वचित मिळते. प्रश्नही दाराशीच आहेत. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन हे सुगंधी द्रव्य, शेतात जळणारी पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडे), यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींतले फ्लोराइड, यांतला प्रत्येक विषय एका चांगल्या प्रयोगशाळेला दहा वर्षे पुरेल.

तरीही हे पत्र अभिनंदनाचे नाही. प्रस्ताव लिहिताना यंत्रांची यादी आधी होते, रसायनांचा आकडा अंदाजाने पडतो आणि माणसाचे पद सर्वांत शेवटी, उरलेल्या रकमेत बसवले जाते. जाहिरात निघते तेव्हा तिच्यात पद किती महिन्यांचे, भत्ता किती, पीएचडीची नोंदणी होणार की नाही, यांतले काहीच नसते. आमची मागणी एकच आहे : हा क्रम उलटा करा. आधी माणूस, त्याचा कालावधी आणि त्याला रोज लागणारा चालू खर्च ठरवा, यंत्रे त्यानंतर. असे का म्हणतो, ते या कामाच्या तपशिलातूनच सांगावे लागेल.

सिंथेटिक बायोलॉजीचे काम फेऱ्यांनी चालते. आखणी, बांधणी, चाचणी, आणि चाचणीत जे दिसले त्यावरून पुन्हा आखणी. आखणीत जीनचा, म्हणजे जनुकाचा, क्रम संगणकावर लिहायचा आणि डीएनए तयार करून देणाऱ्या कंपनीला पाठवायचा. तो हाती यायला काही आठवडे जातात. मग बांधणी. गोल्डन गेट या डीएनए-जोडणीच्या पद्धतीत बीएसए-वन हे विकर (एन्झाइम) डीएनएचे तुकडे कापते आणि टी-फोर लायगेज हे दुसरे विकर ते जोडते. ३७ अंशांवर ५ मिनिटे, १६ अंशांवर ५ मिनिटे, अशा ३० आवर्तनांना ५ तास लागतात, शेवटी ६० अंशांवर ५ मिनिटे. जोडलेला डीएनए बर्फावर ठेवलेल्या ई. कोलाय या जीवाणूच्या पेशींत मिसळायचा, ४२ अंशांचा ३० ते ४५ सेकंद धक्का द्यायचा, पुन्हा बर्फ, मग पोषक द्रावणात ३७ अंशांवर तासभर, आणि प्रतिजैविक असलेल्या प्लेटवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी जीवाणूंच्या वसाहती ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतल्या आठेक निवडून पीसीआरने जोडणी तपासणे, रात्रभर वाढ, प्लास्मिड (जोडलेल्या डीएनएचे लहान वर्तुळ) वेगळे करणे, क्रमनिर्धारणाला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून घ्यायला, पाठवणे. डीएनए हातात आल्यापासून सगळे बिनचूक झाले तर हे दोन आठवड्यांत आटोपते.

बिनचूक होणे मात्र विरळा. प्लेटवर एकही वसाहत आली नाही तर पहिला संशय पेशींवर घ्यायचा. पीयूसी-१९ हे परिचित प्लास्मिड घालून त्यांची क्षमता मोजायची; दर मायक्रोग्रॅमला १० कोटी वसाहती आल्या तर पेशी उत्तम, १० लाखांच्या खाली गेल्या तर चार-पाच तुकड्यांची बांधणी त्या पेशींत होणार नाही. पेशी ठीक असतील तर लायगेजचे बफर (त्याच्यासोबतचे द्रावण) पाहायचे. त्यातले एटीपी हे ऊर्जा पुरवणारे रसायन वारंवार वितळवण्या-गोठवण्याने नासते, म्हणून बाटली आली त्याच दिवशी तिचे छोटे छोटे भाग करून ठेवावे लागतात. वसाहती भरपूर आल्या पण सगळ्या रिकाम्या निघाल्या तर मूळ प्लास्मिड पुरते कापले गेलेले नाही. अँपिसिलिन या प्रतिजैविकाची प्लेट १८ तासांहून जास्त वेळ उबवणीत राहिली की मुख्य वसाहतीभोवती प्लास्मिड नसलेल्या बारीक उपवसाहती उगवतात आणि नवखा माणूस त्याच उचलतो. मागवलेल्या जीनच्या आत बीएसए-वन कापते ती जागा राहून गेली असेल तर बांधणी पुनःपुन्हा तिथेच तुटते. सर्वांत फसवी अडचण शेवटची. जीन पेशीला मारक असतो, प्रमोटर, म्हणजे जीन चालू करणारा भाग, थोडा गळका असतो, आणि क्रम तपासला की प्रत्येक वसाहतीत वेगवेगळे उत्परिवर्तन दिसते. विद्यार्थी महिनोन्महिने नव्या वसाहती तपासत राहतो. खरा उपाय कमी प्रतींचे प्लास्मिड वापरण्याचा, घट्ट नियंत्रणाचा प्रमोटर घेण्याचा किंवा लॅक प्रमोटर असेल तर माध्यमात १ टक्का ग्लुकोज घालण्याचा असतो.

हे सगळे ओळखण्याची नजर बसायला साधारण वर्ष लागते. आता पदाकडे पाहा. पद सहा महिन्यांचे, "कामगिरी पाहून मुदतवाढ" या शेऱ्याचे. माणूस आठव्या-नवव्या महिन्यात हाताशी येऊ लागतो आणि दहाव्या महिन्यात पुण्या-बंगळुरूला दोन वर्षांचे पद मिळाल्यावर जातो. त्याच्या जागी येणारा पुन्हा अँपिसिलिनच्या उपवसाहती उचलतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात अशी तीन माणसे बदलली की शेवटच्या अहवालात लिहायला उरते ते यंत्राचे छायाचित्र. म्हणून पहिली विनंती : प्रकल्पाची मुदत जेवढी, तेवढीच पदाची मुदत जाहिरातीत लिहा. वर्षाअखेरीस मूल्यमापन जरूर ठेवा, पण नूतनीकरण हा नियम असू द्या, अपवाद नव्हे.

मानधनाचे आकडे लपवण्यासारखे नाहीत, ते केंद्राने जाहीर केलेले आहेत. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलो) दरमहा ३७,००० रुपये, एसआरएफला (वरिष्ठ संशोधन फेलो) ४२,०००, आणि रिसर्च असोसिएटला पात्रतेनुसार ५८,०००, ६१,००० किंवा ६७,०००. त्यावर घरभाडे भत्ता. या भत्त्याच्या वर्गवारीत नागपूर 'वाय' वर्गातले शहर आहे आणि केंद्राचा या वर्गाचा दर आता २० टक्के आहे. म्हणजे जेआरएफचे महिन्याला ४४,४०० रुपये आणि वर्षाचे ५,३२,८०० रुपये. तिसऱ्या वर्षी एसआरएफ झाल्यावर महिन्याला ५०,४००, वर्षाचे ६,०४,८००. एका माणसाचे तीन वर्षांचे १६,७०,४०० रुपये. प्रस्तावात हा आकडा सर्वांत वर लिहा आणि त्याला हात लावू नका. अनेक जाहिरातींत फक्त "३७,००० रुपये एकत्रित" असे असते. भत्त्याची तरतूद मंजूर झाली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. मंजूर झाली असेल तर ती देणे टाळू नये. गडचिरोली किंवा गोंदियाहून येणाऱ्या मुलीसाठी महिन्याचे ७,४०० रुपये म्हणजे खोलीचे भाडे असते. वसतिगृहात खोली दिली असेल तर भत्ता मिळत नाही, हेही जाहिरातीतच कळावे.

मंजूर झालेले मानधन वेळेवर मिळत नाही, ही तक्रार सर्वांत जुनी. तिचे कारण बहुतेक वेळा कुणाची दुष्ट इच्छा नसते, निधीची वाट असते. केंद्राचा बराच निधी आता शून्य शिल्लक खात्यांतून, म्हणजे पैसे जमा न होता ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेच्या रूपाने, येतो. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते आणि नव्या आर्थिक वर्षात ती पुन्हा मिळायला आधीच्या वर्षाचे खर्चपत्रक व उपयोगिता प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्रावर वित्त विभागाची आणि लेखापरीक्षकाची सही लागते. त्या सह्या जूनपर्यंत रेंगाळल्या की एप्रिल, मे, जून हे तीन महिने संशोधक बिनपगारी. याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत. एक, फेब्रुवारीतच तात्पुरते खर्चपत्रक तयार करून ठेवा आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात प्रमाणपत्र पाठवा. दुसरा, संस्थेला प्रकल्पांतून मिळणाऱ्या ओव्हरहेडमधून (संस्थेच्या वाट्याच्या रकमेतून) मानधनासाठी एक फिरता निधी बाजूला काढा. सहा जेआरएफ असलेल्या विभागाला चार महिन्यांसाठी १०,६५,६०० रुपये पुरतात. निधी आला की ती रक्कम परत कोषात जमा. एवढ्या रकमेने सहा तरुण माणसे घरी पैसे मागण्यापासून वाचतात, आणि काम थांबत नाही.

पीएचडीची नोंदणी हा दुसरा गाठीचा मुद्दा. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थीच असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. पद जेआरएफचे आहे आणि मार्गदर्शकाकडे जागाच नाही, असे घडते. कधी जागा असते पण उमेदवाराची पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट झालेली नसते आणि प्रवेशाची पुढची फेरी वर्षभराने येते. तोवर प्रकल्पाचे एक वर्ष गेलेले असते. जाहिरात काढण्यापूर्वी मार्गदर्शकाच्या रिकाम्या जागांची नोंद पीएचडी कक्षाकडून लेखी घ्या. जागा नसेल तर पद प्रोजेक्ट असोसिएटचे, म्हणजे फक्त प्रकल्पावर काम करण्याचे, करा आणि नोंदणी होणार नाही असे लिहा. खरे सांगितल्याने उमेदवार कमी येतील ही भीती आम्हाला पटत नाही. जे येतील ते टिकतील.

आम्हाला पटणारी जाहिरात कशी असते, तिचा नमुना देतो. तपशील तुमचे भरा.

"जेआरएफ, १ पद. विषय : पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड ओळखणारी पेशीविरहित चाचणी. निधी देणारी संस्था व मंजुरीपत्राचा क्रमांक. प्रकल्प संपण्याची तारीख. रुजू झाल्यावर उरणारे महिने ३१. मानधन ३७,००० रुपये अधिक २० टक्के घरभाडे भत्ता, वसतिगृह दिल्यास भत्ता नाही. मानधन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, निधी उशिरा आल्यास संस्थेच्या फिरत्या निधीतून. पीएचडीसाठी मार्गदर्शकाकडे १ जागा उपलब्ध, पेट किंवा नेट आवश्यक. आयबीएससीची (संस्थात्मक जैवसुरक्षा समितीची) मंजुरी मिळाली आहे, तारीख अमुक. कामाचे स्वरूप : ६० टक्के बांधणी व क्रमतपासणी, ३० टक्के चाचण्या व मोजमाप, १० टक्के नोंदी व साठ्याची व्यवस्था. खरेदीची व बिलांची कामे या पदाकडे नाहीत. पहिली मुलाखत दूरदृश्य पद्धतीने. दुसऱ्या फेरीला बोलावलेल्यांना रेल्वेचे शयनयान भाडे. अर्जासाठी २१ दिवस."

दोनशे शब्दांच्या आत हे मावते. "खरेदीची व बिलांची कामे नाहीत" हे वाक्य आम्ही मुद्दाम घातले आहे. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरची बोली, तीन दरपत्रके, आवक नोंद, यांत जेआरएफचा आठवड्यातला दीड दिवस जातो. विभागातल्या सगळ्या जेआरएफचा असा जाणारा वेळ पैशांत मोजला तर तेवढ्यात विभागाला एक तंत्रज्ञ ठेवता येतो, आणि तो सगळ्या प्रकल्पांना पुरतो. स्वतंत्र तंत्रज्ञाचे पद हे या प्रयोगशाळेतले सर्वांत किफायतशीर पद आहे. माध्यमे बनवणे, वाफेने निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह चालवणे, पिपेटांची नियमित तपासणी, फ्रीजरची नोंदवही ही कामे एका हाती असली की दर नव्या विद्यार्थ्याबरोबर ती पुन्हा शून्यावर येत नाहीत.

फ्लोराइडचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. फ्लोराइड ओळखणारा रायबोस्विच (फ्लोराइड चिकटले की जीन चालू करणारा आरएनएचा तुकडा) वापरून पेशीविरहित, वाळवून ठेवता येणारी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि कोस्टा रिकामध्ये प्रत्यक्ष पाण्यावर पडताळली गेली. तिची ओळखण्याची पातळी २ पीपीएमची, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमची, होती. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे इथे चाचणी अधिक तीक्ष्ण करावी लागेल, आणि वाळवलेली नळी जुलैच्या दमटपणात टिकवावी लागेल. शोषक पुडी व हवाबंद पाऊच नसेल तर ती काही दिवसांतच निकामी होते. त्यात जिवंत जनुकसुधारित जीव बाहेर जात नाही, त्यामुळे पर्यावरणात सोडण्याच्या परवानगीचा लांबचा रस्ताही टळतो. विदर्भातल्या प्रश्नावर तीन वर्षांत हाती काही देऊ शकेल असा हा विषय आहे. एक जेआरएफ, एक तंत्रज्ञ, मोजमापाचा प्लेट रीडर, गोठवून वाळवणारा लायोफिलायझर आणि नियमित रसायने, एवढ्यावर तो उभा राहतो. यंत्रांच्या लांब यादीची गरजच पडत नाही.

निधी कुठून आणायचा, यावर शहरात बरेच गैरसमज आहेत. माणसाने स्वतःबरोबर आणलेली शिष्यवृत्ती, मार्गदर्शकाने मिळवलेला प्रकल्प आणि कंपनी काढू पाहणाऱ्याला मिळणारे अनुदान या तीन वेगळ्या वाटा आहेत. त्यांची सरमिसळ झाली की अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो.

पहिल्या वाटेवर वर्षातून दोनदा होणारी सीएसआयआर-यूजीसी नेट सगळ्यांना माहीत आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या, म्हणजे डीबीटीच्या, बीईटी परीक्षेचे दोन वर्ग मात्र फार कमी विद्यार्थ्यांना ठाऊक असतात : पहिल्या वर्गातला विद्यार्थी देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेत आपली शिष्यवृत्ती घेऊन पीएचडीला जाऊ शकतो, दुसऱ्या वर्गातला डीबीटीच्या प्रकल्पात जेआरएफ म्हणून रुजू होऊ शकतो. पदव्युत्तर परीक्षेत विद्यापीठात पहिला आलेल्यासाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. महाज्योती, बार्टी, सारथी आणि टीआरटीआय या त्या त्या समाजघटकांसाठीच्या राज्याच्या संस्थांच्या पीएचडी शिष्यवृत्त्या आहेत. महाज्योतीचे तर मुख्यालयच नागपुरात आहे. पीएचडी झालेल्यांसाठी राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची, आणि परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप. या सगळ्यांत माणूस आपले मानधन घेऊन येतो, पण विकरे, क्रमनिर्धारण आणि प्लास्टिकची भांडी घेऊन येत नाही. त्याला मिळणारा आकस्मिक खर्च सिंथेटिक बायोलॉजीला पुरत नाही. म्हणून अशा विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याच्या रसायनांसाठी विभाग दरवर्षी किती रक्कम देणार, ते प्रवेशपत्रातच लिहावे. हे न ठरवता मुलांना घेणे म्हणजे नांगर दिला आणि बैल दिले नाहीत असे होते.

दुसऱ्या वाटेवर आता एएनआरएफ, म्हणजे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, आहे. २०२३ च्या कायद्याने ते आले आणि संशोधनाला निधी देणारे आधीचे एसईआरबी हे मंडळ त्यात विलीन झाले. नव्याने रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत देते. एएनआरएफच्याच पेअर योजनेत एक अग्रणी संस्था केंद्र असते आणि राज्य विद्यापीठांसारख्या संस्था तिला जोडल्या जातात. आपल्या विद्यापीठांना मोठ्या यंत्रांपर्यंत पोहोचण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. अर्ज करताना यंत्र विकत घेण्याची ओढ आवरा. संशोधन संस्थांना मिळणारा ५ टक्के जीएसटीचा सवलतीचा दर १८ जुलै २०२२ पासून संपला. १८ टक्के कर लागणाऱ्या यंत्रासाठी १० लाख मंजूर असतील तर त्याची मूळ किंमत ८,४७,४५७ च्या वर जाऊ शकत नाही. हा हिशेब न केल्याने खरेदीच्या वेळी यंत्राचा एखादा आवश्यक भाग वगळावा लागतो आणि यंत्र अपुरे येते. तीन वर्षांनंतरच्या देखभाल कराराची तरतूद तर कुणीच करत नाही. शेजारच्या संस्थेत असलेले यंत्र संशोधन यंत्रांची यादी असलेल्या आय-स्टेम पोर्टलवर सापडते, त्याचे वापरशुल्क प्रस्तावात दाखवता येते. शहरातल्या संस्थांनी आपापल्या यंत्रांचे वापरशुल्क आणि मोकळे दिवस एकमेकांना कळवले तरी निम्मी खरेदी टळेल.

तिसरी वाट बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगासाठीच्या सरकारी संस्थेच्या बिग अनुदानाची. १८ महिन्यांपर्यंत ५० लाखांपर्यंत, कल्पना सिद्ध करून दाखवण्यासाठी. ते पीएचडीच्या विद्यार्थ्याला पोसण्याचे साधन नाही. ज्या कामाचा किमान एक प्रयोग तीन वेळा सारखा आला आहे, त्यालाच त्या वाटेने पाठवा.

जैवसुरक्षेचे कागद मागे ठेवू नका. जनुकसुधारित जीवांबाबतचे १९८९ चे नियम आणि डीबीटीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यांनुसार जनुकीय फेरबदलाचे काम करणाऱ्या संस्थेत संस्थात्मक जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी, असावीच लागते. तिची नोंदणी डीबीटीच्या आयबीकेपी पोर्टलवर होते. समितीत संस्थेतले शास्त्रज्ञ, बाहेरचा तज्ज्ञ, वैद्यकीय पात्रतेचा जैवसुरक्षा अधिकारी आणि डीबीटीचा प्रतिनिधी असतो. मेडिकल व मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि एम्स असलेल्या शहरात वैद्यकीय सदस्य मिळत नाही ही सबब चालणार नाही. जोखमीनुसार पहिल्या वर्गात येणाऱ्या प्रयोगांची समितीला फक्त सूचना द्यावी लागते, दुसऱ्या वर्गासाठी काम सुरू करण्यापूर्वी समितीची परवानगी लागते, तिसऱ्या वर्गासाठी त्यावर डीबीटीतल्या आरसीजीएम या केंद्रीय समितीची मंजुरीही. परदेशातून प्लास्मिड किंवा जनुकसुधारित जीवाणू मागवतानाही हीच वाट. वर्षातून दोन बैठका घेणारी समिती असेल आणि तुमचा प्रकल्प तिच्यासमोर बैठकीनंतर आठवड्याने आला, तर जेआरएफ पाच-सहा महिने फक्त वाचन करत बसतो. म्हणून प्रस्ताव पाठवतानाच अर्ज समितीकडे द्या, आणि परवानगीची तारीख हाती आल्यावरच रुजू होण्याची तारीख ठरवा.

आता नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल, कारण दिल्लीत बसलेला परीक्षक हे विचारत नाही. उणे ८० अंशांचा फ्रीजर बहुधा ३२ अंशांपर्यंतच्या खोलीत चालण्यासाठी बनवलेला असतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना संध्याकाळी सहाला विभागाचा एसी बंद झाला की त्या खोलीत फ्रीजर स्वतःच्याच उष्णतेत घुसमटतो, कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि एका उन्हाळ्यात जातो. त्या खोलीला चोवीस तास चालणारे दोन आलटून-पालटून एसी, जनरेटरची जोडणी आणि तापमान वाढताच फोनवर इशारा देणारे उपकरण हवे. याचे वीजबिल प्रकल्पातून देता येत नाही, ते संस्थेलाच उचलावे लागते. मंजुरीपत्रावर सही करताना हे कबूल करा. प्रत्येक जीवाणूचे ग्लिसरॉलमधले साठे दोन करा आणि दुसरा वेगळ्या इमारतीत ठेवा. ऑटोक्लेव्हमध्ये बोअरचे पाणी घालू नका. क्षारांचा थर हीटरवर बसतो, १२१ अंशांना पोहोचायला वेळ लागतो आणि माध्यमातली साखर करपते.

विकरांची पार्सले हा वेगळाच विषय. ती मुंबई, हैदराबाद किंवा बंगळुरूहून थंड पिशव्यांत किंवा कोरड्या बर्फात येतात. शुक्रवारी निघालेले खोके शनिवार-रविवार गोदामात पडते आणि सोमवारी नागपुरात उघडते तेव्हा पिशव्या कोमट असतात. पुरवठादाराच्या आदेशपत्रात "सोमवार किंवा मंगळवारीच रवाना करावे, खोके उघडताना थंड नसेल तर बदलून द्यावे" अशी अट घाला. त्याहून मोठे नुकसान आपल्या आवारात होते. खोके भांडार विभागात येते, नोंद होईपर्यंत टेबलावर राहते, आणि कुणी सांगत नाही. नाशवंत मालासाठी भांडारातच उणे २० अंशांचा एक लहान फ्रीजर ठेवा आणि आधी माल प्रयोगशाळेत, मग नोंद, असा लेखी आदेश काढा. केंद्राने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी दरपत्रकाशिवायच्या थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली आहे आणि जेमच्या बाहेर खरेदीचे अधिकार दिले आहेत. ज्या संस्थांना ही सूट लागू आहे त्यांनी तसे अंतर्गत परिपत्रक काढावे, कारण ते नसेल तर लेखा विभाग जुन्याच मर्यादेवर अडतो.

निवडीबद्दल एक सूचना. पाठांतराच्या प्रश्नांनी या कामाला लागणारा माणूस सापडत नाही. उमेदवाराला अर्धा तास आणि कागद द्या. कॅनामायसिन या प्रतिजैविकाचे ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण आहे, २५० मिलिलिटर माध्यमात ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हवे, किती घालाल? उत्तर २५० मायक्रोलिटर. ३,००० बेसजोड्यांचे प्लास्मिड ५० नॅनोग्रॅम घेतले, १,००० बेसजोड्यांचा तुकडा तिप्पट रेणूप्रमाणात हवा, किती घ्याल? उत्तर ५० नॅनोग्रॅम. एका जीनचा क्रम छापून द्या आणि बीएसए-वनची जागा शोधायला सांगा. जो जीजीटीसीटीसी या तिच्या अक्षरक्रमाबरोबर उलट्या धाग्यावरचा जीएजीएसीसीही शोधतो, तो पुढे तुमचे तीन महिने वाचवेल. शेवटी वसाहत नसलेल्या प्लेटचे छायाचित्र दाखवून पहिली तपासणी कोणती करशील ते विचारा. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत किंवा हिंदीत उत्तर देऊ द्या.

पद सोडून जाणाऱ्याच्या शेवटच्या महिन्याचाही विचार नेमणूकपत्रातच असावा. प्रत्येक प्लास्मिडचा नकाशा, पडताळलेला क्रम, दोन ठिकाणचे साठे आणि वहीतला पान क्रमांक तंत्रज्ञाच्या ताब्यात दिल्यावरच ना-हरकत प्रमाणपत्र. त्याच पत्रात हेही लिहा की त्याने केलेल्या बांधणीवर पुढे शोधनिबंध निघाला तर त्याचे नाव त्यात येईल. हे लेखी नसल्यामुळे मुले आपले साठे सोबत नेतात किंवा "क्लोन ३ नवा" एवढेच लिहिलेल्या नळ्या मागे ठेवून जातात, आणि दोष दोन्ही बाजूंना लागतो.

या आर्थिक वर्षापुरत्या आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, ३१ मार्चपूर्वी प्रत्येक संस्थेने मानधनाचा फिरता निधी ठरावाने निर्माण करावा आणि त्याची रक्कम जाहीर करावी. दुसरी, एप्रिलपासून निघणाऱ्या प्रत्येक प्रकल्पपदाच्या जाहिरातीत समाप्तीची तारीख, घरभाडे भत्ता, पीएचडीची उपलब्ध जागा आणि आयबीएससीच्या परवानगीची तारीख या चार बाबी बंधनकारक कराव्यात. त्या नसतील तर कुलसचिव किंवा प्रशासन अधिकाऱ्यांनी जाहिरात परत पाठवावी. तिसरी, मे महिना लागण्यापूर्वी फ्रीजरच्या खोल्यांची वीज, एसी आणि जनरेटर यांची पाहणी विभागप्रमुख व स्थापत्य विभागाने मिळून करावी आणि अहवालावर दोघांनी सही करावी.

जाहिरातींचे मसुदे, अंदाजपत्रके आणि निवडचाचणीचे प्रश्न तपासून द्यायला आमच्यातले लोक विनामूल्य तयार आहेत. मसुदा मराठीत असो वा इंग्रजीत, चार दिवसांत सूचनांसह परत करू.

आपले,
नागपुरातील रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ आणि शिक्षक